नारळाच्या हवाली गाडी

…न्हाई पण मला एवढंच सांगा, गाडीला टीव्हीएवढा पडदा दिला, छताला खिडकी दिली, बूड गार करायची सोय दिली, मग बसणाऱ्याच्या पायाखाली बिरेक का दिला न्हाई? का? बसणाऱ्याला जीव नसतो?

पंचवीस वर्सं मी आमच्या अण्णारावच्या मागं बसले. हाव, नवऱ्याचं नाव घेते मी, वरडायच्या वक्ताला घ्यावंच लागतं. आधी लुना, मग जीप. बरगडीत कोपर मारलं की गाडी थांबायची. लायसन त्यांचं, बिरेक माझा. पर ही गाडी पडली जावयाची, आन् तुम्हाला सांगते, जावयाच्या बरगडीत कोपर मारता येतंय का?

जावई म्हणजे रामलिंग. लातूरला कंप्युटरमधी कायतरी करून राहिलाय. पोरगं सोन्यासारखं, फक्त स्वतःला लई हुशार समजतं. त्यात माझ्या लेकीनं, पुनमनं, आदल्या दिवशीच फोनवर बजावलं, "आई, लग्नानंतरची पहिली येळवस हाय. तू लग्नात बँडवाल्याला झापलंस, आचाऱ्याला झापलंस, फोटोवाला तर रडायच्या घाईला आला. सासरी अजून म्हणतात, तुझी आई तोंडाची फाटकी हाय. आता ह्यांना एक शब्द बोललीस तर मला तिथं तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई." मी म्हणलं, बाई, तोंडाला टाके घालून बसते. लेकीच्या संसाराचा सवाल हो.

तर येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं घरात माणूस राहत न्हाई, आख्खं गाव शेतात जेवायला. शेत आमचं अहमदपूरहून लोह्याकडं जाताना. आमचे हे पहाटेच जाऊन कडब्याची कोप, म्हणजे पूजेची झोपडी, घालून बसलेले. गाडीत जावई स्टेरिंगवर, बाजूला मी, मांडीवर आंबलीची बिंदगी, म्हणजे मातीचं मडकं, पुढं पूजेचा नारळ, आन् पुनम माझ्या मागं, पदर ओढायला.

गाव सुटलं तसं जावई म्हणला, "मामी, आता मजा बघा. गाडी आपली आपण चालती." बटण दाबलं आन् हात सोडले. दोन्ही हात सोडले हो… माझ्या तोंडातून 'अ' निघाला, पुनमनं मागून पदर ओढला. 'अ' गिळला.

आता सासूनं जावयाला थेट थांब म्हणायची आमच्यात रीत न्हाई. मग मी मान वळवून म्हणायचं, "पुनम, पाव्हण्याला म्हणावं, म्होरं गतिरोधक हाय." पुनम म्हणायची, "अहो, आई म्हणती म्होरं गतिरोधक हाय." जावई म्हणायचा, "मामींना सांग, गाडीला सगळं दिसतंय." एवढं होईस्तर गतिरोधक गेला मागं, माझं टाळकं छताला आन् आंबील पदरावर. पायाखाली बिरेक असता तर एवढं टपाल पाठवावं लागलं असतं का?

पर गाडीला नावं ठेवणार न्हाई मी. गाडी शहाणी. हात सुटले की जरा वेळानं टुंग टुंग करती, पडद्यावर लिवून येतं, स्टेरिंगवर हात ठेवा. चौथी शिकलेय मी, वाचता येतं. जावयानं हात लावला, टुंग थांबली. सोडला, पुन्हा टुंग. वैतागला. म्हणला, "ह्या कंपनीवाल्यांचा आपल्या लोकांवर भरोसाच न्हाई." आन् काय केलं असंल? पूजेचा नारळ उचलला, टावेलात बांधला आन् स्टेरिंगला लटकावला. टुंग बंद. गाडीला वाटलं माणसाचा हात हाय. "ह्याला म्हणतात डोकं, मामी."

तुम्हीच सांगा, नियम केला कुणासाठी? नारळाला शेंडी हाय, तीन डोळे हायेत, पर लायसन हाय का? आन् हा बाबा हाताची घडी घालून बसला, जसं काय स्वतःच्याच लग्नात बसलाय.

म्होरं रस्त्याचं काम चालू. पांढरे पट्टे संपले. गाडी म्हणं पट्टे बघूनच चालती. पट्टाच न्हाई म्हणल्यावर माणूस थांबला असता, पर हिला डाव्या अंगाला एक पांढरा पट्टा घावला… चुन्याचा, ताजा, सडकेवरून खाली उतरलेला, बांधाच्या कडंनं थेट शेतात. गाडी वळली त्याच्या मागं, हळूच, सासरी निघालेल्या नवरीसारखी.

"पुनम, पाव्हण्याला म्हणावं, रस्ता तिकडं राहिला."

"अहो, आई म्हणती रस्ता तिकडं राहिला."

"मामींना सांग, शॉर्टकट घेतला असंल तिनं."

म्होरं करडई, करडईच्या पल्याड बैल, बैलाच्या पल्याड कोप, आन् कोपीसमोर वीस-पंचवीस माणसं जेवायला बसलेली. मी खाली पाय दाबून राहिले, दाबून राहिले, दाबायला हाय काय पण तिथं? बिरेक कुठाय? "पुनम, पाव्हण्याला…" पुनमचं "अहो…" तोंडातच राहिलं, आन् माझे टाके तुटले. "ए रामलिंग्या, मुडद्या, दाब की बिरेक!"

दाबला त्यानं. बैल एक हातावर. बैलानं गाडीला हुंगलं, शिंकला. माणसं घास हातात धरून बघून राहिली.

तेवढ्यात शेताचे मालक महादेवप्पा हात पुसत आले. "या, या पाव्हणं. आमचे दोस्त गुलाम रसूल टेलर दरसाल वाट चुकून दुसऱ्याच्याच शेतात जेवून येतात, म्हणून औंदा सडकेपासून चुना टाकला. टेलर अजून आले न्हाईत, तुम्ही बराबर आलात." येळवशीला दारी आलेलं माणूस उपाशी सोडत न्हाईत. बसलो. पुनमच्या डोळ्यांतून पाणी, जावयाची मान खाली. संपलं म्हणलं, लेकीचं घर बुडवलं ह्या तोंडानं. तिथून आमच्या शेतापर्यंत जावयाचे दोन्ही हात स्टेरिंगवर. तिथं पुन्हा नावाला जेवले, आन् दोघं लातूरला गेले.

तिसऱ्या दिवशी विहिणीचा फोन. गुरम्माबाईंचा.

"विहीणबाई, तुम्ही रामलिंगला मुडद्या म्हणलात म्हणं."

"चुकलं हो माझं. पाया पडते, पर लेकीला…"

"चुकलं कशाचं? अठ्ठावीस वर्सं वरडून राहिले मी, एक डाव थांबला न्हाई. तुमच्या एका हाकेत थांबला. पुनम तर म्हणून राहिली, आईला विचारा, रोज जमंल का. आता असं करा, तो दाताच्या डॉक्टरकडं जाईना झालाय. फोन त्याच्याकडं देते. तेवढं जरा वरडा."

वरडले. गेला. दुसऱ्या दिवशी केस कापायला वरडले. परवा कपाट आवरायला. आता रोज सकाळी फोन येतो, मी चुलीवरचा तवा खाली ठेवते, घसा साफ करते… काय करता बायांनो, माझ्या 'मुडद्या'च्या हाकेशिवाय जावई आता अंथरुणातून निघतच न्हाई.