उमे कोण मागवतं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बाजारपेठ संघाचे आधारस्तंभ सुगिमोरी-सान, व्यासपीठावर अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती ताझुको कुरिमोतो-सान, त्यांच्या सूनबाई आणि उद्यापासूनच्या मालकीण मादोका-सान, आणि रिकाम्या पोटी भाषणं ऐकणाऱ्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो,

जेवण कुरिमोतोंच्याच खानावळीतून यायचं आहे आणि वामीचा वास जिन्यापर्यंत आला आहे, याची मला जाणीव आहे. त्यामुळे आवरतं घेतो. मी ओगुनी, समोरचा चहापत्तीचा दुकानदार. या खानावळीला चहा आमच्याकडून जातो, आणि पोचवायच्या निमित्ताने मी तिथे नको इतका वेळ बसतो, हे माझी बायको तुम्हाला सांगेलच.

मला एक गोष्ट कायम कुतूहलाची वाटत आली आहे. भातावरची वाम तीच, सॉस तोच, शेगडीही तीच. मग तीन भाव कशाला? मात्सुच्या डब्यात वाम भरपूर, ताकेत मध्यम, उमेत मोजकी, आणि डब्याचा रंग वेगळा, फरक काय तो एवढाच. आणि आपण सगळे मुकाट्याने मधला ताके मागवतो. मात्सु म्हणजे मिजास, उमे म्हणजे हात आखडता. खरं की नाही? मान हलवू नका, अध्यक्ष महाराज, तुम्हीही तेच करता.

पण एका वर्षी गंमत झाली. म्हणजे आज गंमत म्हणतो, तेव्हा रडायची पाळी होती. वसंतापासून मात्सु आणि ताके कोणी मागवेना. जो येईल तो उमे. ताझुको-सानचे यजमान शिगेओ-सान तेव्हा हयात होते. त्यांनी ठरवलं, भाव जास्त झाले असणार, आणि मात्सु स्वस्त केला. झालं. गावात कुजबुज सुरू झाली, "कुरिमोतोंकडची वाम शिळी दिसते, नाहीतर मात्सु स्वस्त कशाला करतील?" होते तेही गिऱ्हाईक बिचकलं. शरदात दुकान बंद करायचं बोलणं निघालं. दुकान गेलं तर दुसरं उघडता येतं हो, पण शिगेओ-सानच्या पणजोबांपासून कधीही रिकामं न होऊ दिलेलं ते सॉसचं भांडं? ते एकदा रिकामं झालं की संपलंच. शिगेओ-सान त्या भांड्याजवळ बसून राहायचे. मला बघवत नसे.

ताझुको-सानने मात्र भावाचा नाद सोडला आणि एक साधा प्रश्न धरला: आधी बोलतं कोण? पडद्याआड उभ्या राहून त्या ऐकू लागल्या. शुक्रवारी पंपाच्या कारखान्यातले विभागप्रमुख हिरुकावा साहेब आपल्या माणसांना घेऊन यायचे. साहेब म्हणायचे, "उमे." मग एकामागून एक, "मलाही तेच." साहेबांच्या वरचढ डबा कोण मागवणार? शेजारच्या टेबलावर कारखान्याला माल पुरवणारे. त्यांची तरी काय बिशाद? आणि आपल्या गावात त्या कारखान्याशी ज्याचा संबंध नाही, असा माणूस दाखवा.

एकदा साहेब मागे रेंगाळले तेव्हा ताझुको-सानने माझ्यादेखत विचारलं, "साहेब, आमचं काही चुकलं का?"

"छे हो. पोटाचं ऑपरेशन झालंय. उमेच कसाबसा संपतो. मात्सु मागवून टाकून देऊ? तुमच्या त्या भांड्याला तोंड कसं दाखवू?"

"मग पोरांना तरी सांगायचं, तुम्ही मोठा घ्या."

"सांगितलं. ऐकतात का ते? म्हणे, साहेब, आम्हालाही उमेच आवडतो."

पुढच्या शुक्रवारी भिंतीवर नवी पाटी लागली: 'छोटा मात्सु'. डबा मात्सुचाच, लाल लाखेचा, आत वाम आणि भात उमेइतकाच, भाव ताकेचा. साहेबांनी पाटी वाचली, ताझुको-सानकडे पाहिलं आणि घसा खाकरून म्हणाले, "मात्सु. छोटा." पोरांनी एका सुरात मोठा मात्सु मागवला. डबे सगळे सारखेच दिसत होते ना. मात्सुचा भाव पुन्हा जुन्यावर गेला, आणि भांडं आजही उकळतंय.

आता मादोका-सान. नागोयाला शिकून आलेली हुशार मुलगी. तिने गिऱ्हाइकांचे चार गट पाडलेत: कारखाना, प्रवासी, कुटुंबं, समारंभ. वाम महाग झाली आहे, आणि उमे कुठल्याच गटात बसत नाही, म्हणून नव्या कार्डावर उमे नाही. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. फक्त मला कुतूहल आहे.

कारण गेल्या महिन्यात हिरुकावा साहेब एकटे आले. निवृत्त झालेत. बसले आणि म्हणाले, "उमे." मी चेष्टा केली, "काय साहेब, मात्सु सुटला वाटतं?" तर म्हणाले, "ओगुनी, आता माझ्यामागे कोणी नाही. मला हवं ते मागवता येतं." आणि हसले. मला काही ते हसू बरं वाटलं नाही. माणूस तोच, पोट तेच. मादोका-सान, यांना कुठल्या गटात घालायचं?

ताझुको-सानना मी विचारलं, सुनेला सांगत का नाही? म्हणाल्या, "दुकान दिलं, आता एक शब्द बोलणार नाही." बरोबर आहे. सल्ला देऊच नका. पण आज तुम्ही मानाच्या पाहुण्या आहात, आणि मानाच्या पाहुण्याने आधी सांगायचं, ही आपली रीत आहे. मादोका-सान दाराशी उभी आहे. तर ताझुको-सान, आपण काय घेणार?

जरा मोठ्याने. मागे ऐकू गेलं नाही.

उमे.

अध्यक्ष महाराज, आपण? "मलाही तेच." व्यासपीठ? तेच. पहिली रांग? मादोका-सान, हसतेस काय, लिहून घे, सगळा हॉल तेच म्हणतोय.

मला बोलायची संधी दिलीत, उपाशीपोटी ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. मोठ्यांची थट्टा झाली, अधिकउणं बोललो असेन, तर ते पोटात घाला. आणि शेवटच्या रांगेत खांबाआड बसलेले हिरुकावा साहेब, जरा मान वर करून बघा. आज सगळं गाव तुमच्यामागे आहे.