ताटाची डावी बाजू

माझं माहेर देवगडकडचं, खाडीच्या अलीकडे आमचं घर आणि आठवीची शाळा पलीकडे, त्यामुळे सातवी झाली नि शिक्षण थांबलं, कुणी बळजबरीने काढलं नाही, होडीतून रोज सोडायला जायचं कुणी एवढाच प्रश्न होता. लग्न झालं आणि थेट भाईंदरला, नवघरात आले. खिडकीतून तेव्हा मिठागर दिसायचं, आता समोरच्यांचं बाथरूम दिसतं. मी घरी बसून इमिटेशनच्या माळा ओवते, हे काशीमीऱ्याच्या गोडाऊनवर टेम्पो चालवायचे. चालवायचे म्हणते, कारण आता नाही चालवत, आणि तेच सांगायला बसलेय, पण माझं हे असं आहे, एकातून दुसरं निघतं.

तर सुरुवात झाली लोणच्यावरून. काय सांगू तुम्हाला ताई, जेवायला बसले की म्हणायचे, लोणचा वाढूक नाय गो? अहो वाढलंय की, ताटात डाव्या हाताला, जिथे जन्मभर वाढत आले तिथे. मग मान वळवायची नि म्हणायचं, हां, आसा. दुसऱ्या दिवशी परत तेच. चटणी नाही, लिंबू नाही, कोशिंबीर करायची सोडलीस काय. मला असा राग यायचा! एकदा तर लोणच्याची अख्खी बरणी आणून समोर आपटली, म्हटलं घ्या, दिसतंय का आता. मग टेम्पोचा डावा आरसा फोडून आले, नवीन लावला तोही फोडला, शेठ म्हणाला, पीना शुरू किया क्या. डोकं दुखायचं ते वेगळंच, केबिन रोडच्या मेडिकलमधून गोळी घ्यायची नि परत गाडीवर.

शेवटी ओढत चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या मुलीने एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं, आणि हळू म्हणाली, काका, हे नंबरचं नाही वाटत, आजच मोठ्या डॉक्टरकडे जा. तिचं नाव विचारायचं पण सुचलं नाही मला, पण संध्याकाळी दिवा लावताना तिची आठवण काढते, अजून काढते.

मोठ्या हॉस्पिटलात डोक्याचे फोटो काढले, आत गाठ निघाली. डॉक्टरबाई मला बाजूला बसवून म्हणाल्या, डोळे चांगले आहेत हो त्यांचे, पण डावीकडचं बघायचं काम मेंदूत जिथे होतं तिथेच गाठ आहे. डावीकडे त्यांना काळोख दिसत नाही, डावीकडे काही आहे हेच कळत नाही. सोमवारी ऑपरेशन करू, ही तारीख सोडलीत तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, आणि गाठ वाढली तर आत्ता जेवढे आहेत तेवढेही राहणार नाहीत. सातवी शिकलेली बाई मी, पण एवढं मला लख्ख कळलं.

कळलं नाही ते बाकीच्यांना. फोनवर फोन. कुणी म्हणे हळदीचं पाणी द्या, कुणी म्हणे उशाची दिशा बदला, कुणी व्हिडिओ पाठवतंय, गाठ विरघळली म्हणून. आणि सासूबाई गावाहून आल्या त्या पिशवी खाली ठेवायच्या आधी बोलल्या, देवाक इचारल्याशिवाय माझ्या झिलाच्या डोक्याक हत्यार लावूचा नाय. आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर कर, डावी पडली तर नको. माझंही लग्न कौल घेऊनच ठरलेलं, मी नाही म्हणत नाही देवाला. पण दिराने देवळातून फोन केला, वहिनी, डावो पडलो. झालं! सासूबाई म्हणतात देव नाय म्हणता, हे म्हणतात आये सांगात तसा, आणि मी मध्ये. भांडले, रडले, जेवले नाही. म्हटलं डोकं तुमचं आहे की गावाचं? तर हे शांतपणे टीव्ही बघतायत, तोही अर्धा.

शेजारच्या हंसाबेन, आमच्या पोटापाण्याचं त्या दिवसांत त्याच बघायच्या, रोज काहीतरी डबा घेऊन यायच्या. त्या म्हणाल्या, भाभी, भगवान को तो बार बार पूछ सकते, डॉक्टर एक ही बार तारीख देता है. मी ते धरलं. सासूबाईंना म्हटलं, गावात लोक परत कौल लावतातच ना, मग आपणही लावू, पण आता सगळ्यांसमोर, व्हिडिओवर. त्या म्हणाल्या, लाव.

रविवारी सकाळी, संध्याकाळी ॲडमिट व्हायचं की नाही याचा पत्ता नाही, आणि आम्ही सगळे पलंगावर ओळीने बसलेलो. हंसाबेन फोन धरून उभ्या, हात हलवू नका म्हटलं तरी हलवतायत. पलीकडे दीर ओरडतोय, दिसता ना? दिसता, दिसता. गुरवाने एक पाकळी इकडे लावली, एक तिकडे, मागे सरला, गाऱ्हाणं सुरू केलं. तेवढ्यात हे म्हणाले, गुरवान एकच पाकळी कित्याक लावल्यान?

सासूबाई त्यांच्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, बाबल्या, दोन आसत रे. हे म्हणाले, खंय? एकच तर आसा. सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं, डावीकडच्या पाकळीवर, म्हणाल्या ही बघ. हे म्हणाले, आये, तुझो हात खंय आसा?

एवढे दिवस मी बोंबलत होते, डॉक्टरांचा कागद दाखवत होते, तेव्हा काही नाही, आणि आईचा हात दिसला नाही म्हटल्यावर त्या माउलीचा चेहरा असा झाला की माझाच राग कुठे गेला कळलं नाही. त्या म्हणाल्या, बंद कर गो तो फोन. हंसाबेनना आमची बोली कळली नसेल पण फोन बंद केला. पलीकडे गुरव हात जोडून उभा होता तो तसाच राहिला. सासूबाई उठल्या आणि ह्यांचे कपडे पिशवीत भरायला लागल्या.

कौल काय पडला ते आम्हाला माहीत नाही. दिराने नंतर फोन केला, सांगू काय म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, माका आयकूचा नाय, देवाक माझा नमस्कार सांग.

ऑपरेशन झालं. गाठ पुष्कळशी निघाली, थोडी आत राहिली, त्यासाठी लाईट, म्हणजे ते मशीनचे किरण, घ्यायला जातो आम्ही. पुढचं डॉक्टरबाईही सांगत नाहीत, मीही विचारत नाही, विचारून धीर थोडाच येतो. डावी बाजू काही परत आली नाही. सासूबाई इथेच राहिल्यात. मी लोणचं उजवीकडे वाढायला लागले तर मला म्हणाल्या, वाढतंस थंयच वाढ, ताटाची रीत मोडू नको. मग हे अर्धं जेवले की त्या मुकाट्याने उठतात, ताट फिरवून देतात, डावं ते उजवीकडे येतं. सगळ्या माणसांचं देव भलं करो, त्या चष्म्याच्या मुलीचं आधी.

आणि हे? ताट फिरलं की लोणच्याकडे बघतात आणि मला म्हणतात, इतका कित्याक वाढलंस गो? आता ह्या माणसापुढे काय डोकं फोडायचं, तुम्हीच सांगा.