भांगाच्या दिवशी रोवलेल्या खुंट्या

मी, वय ४६ वर्षे, व्यवसाय भूगोलाची शिक्षिका, राहणार जुन्या धक्क्यामागची दुमजली इमारत, वरचा मजला, बोलावल्यावरून आज ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी आईसोबत राहते. धक्क्यापलीकडे मोकळी वाळू आहे. गेली नऊ वर्षे हिवाळ्यात तिथे येणारे पक्षी मी मोजते व वहीत लिहिते. भरतीत चिखल बुडाला की चिखल्या, तुतवार हे लांबून आलेले पक्षी वाळूच्या एका पट्ट्यावर उभे राहतात. आसपास दुसरी जागा उरलेली नाही. यंदाचा सर्वांत मोठा आकडा १,१४०. त्यात पन्नास इकडेतिकडे होऊ शकतात.

मागील आठवड्यात मोजणीदारांनी भरतीरेषा ठरवून चौदा खुंट्या रोवल्या. खुंट्यांपासून पाण्याकडची वाळू मोकळी ठेवायची व जमिनीकडे भराव घालायचा, असे ठरले होते. त्या दिवशी अर्धा चंद्र होता, म्हणजे भांग. पाणी सर्वांत कमी चढते. ही तारीख माझ्या वहीत होती. तरी चूक मला दिसली नाही. ती दाखवली नावांना डांबर लावणाऱ्या डांबरमामांनी. वय सुमारे ७१, माझे नात्याने कोणी नाहीत.

मामा म्हणाले, "पोरी, उधाणाचं पाणी त्या वाळलेल्या शेवाळापर्यंत येतं. यांनी निजलेल्या माणसाची उंची मोजली!"

खुंट्यांपासून शेवाळाची ओळ बत्तीस पावले आत आहे. पक्ष्यांचा पट्टा तेवढाच, याच दोन ओळींमधला. काल उधाणाला तीन दिवस होते आणि भरावाचे यंत्र सकाळी नऊलाच लागणार होते. एकदा भराव पडला की पाणी तिथवर येणारच नाही, मग चुकीची रेषा खरी ठरेल. मामांनी मोजणी कार्यालयात दोनदा जाऊन सांगितले होते. दोन्ही वेळी त्यांना अर्ज लिहून आणायला सांगितले गेले.

काल सकाळी ६.४० वाजता मी नेहमीप्रमाणे वाळूवर गेले. मामा खुंट्या उपटून शेवाळाच्या ओळीवर रोवत होते. पट्ट्याच्या टोकाला सुमारे सहाशे पक्षी होते. मामा गुडघ्यांवर सरकत होते. हातोडीवर फडके गुंडाळले होते. पक्ष्यांनी माना वर केल्या की ते थांबत. तासाभरात एकही थवा उठला नाही. नऊ वर्षांत मला एकदाही इतक्या जवळ जाता आले नव्हते.

आठ वाजता कंत्राटदाराचे मुकादम आले.

"मामा, डोकं ठिकाणावर आहे का? सरकारी खुंटी आहे ती!"

"खुंटी सरकारी, पाणी नाही. तीन दिवसांनी तुमच्या बुटात येऊन ते स्वतःच सांगेल."

"हे तुम्ही साहेबांना सांगा."

"बोलवा की. चहा आधी पाजा म्हणजे झालं."

मुकादम फोन करायला बाजूला गेले. मी मामांना विचारले, पोलिसांनी विचारले तर मी काय सांगू? ते म्हणाले, "जे पाहिलंस ते. तू एक खोटं बोललीस की तुझ्या वहीतलं पाणीही खोटं ठरेल."

म्हणून सांगते की, खुंट्या मामांनीच हलवल्या. हे कायद्याने चूक आहे हे त्यांना माहीत होते, मलाही होते. नवी रेषा बरोबर आहे असे माझ्या वहीतील नऊ वर्षांच्या उधाणाच्या नोंदींवरून दिसते. वही सोबत हजर करते. यंत्र सध्या बंद आहे. परवा दुपारच्या भरतीला कोणीतरी अधिकारी तिथे उभा राहावा, एवढी विनंती.

आपण एकटेच होतो असे मामांनी त्यांच्या जबाबात सांगितल्याचे मला आत्ता आपणांकडून कळले. ते बरोबर नाही. शेवटच्या तीन खुंट्या मी धरल्या होत्या. मामा नको म्हणत होते.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला व मी स्वतःही वाचला. शेवटचा परिच्छेद गाळायचा आहे का, असे मला दोनदा विचारण्यात आले. गाळायचा नाही. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरा आहे.