त्या दोन तासांत मी काय काय केलं

माझं नाव शालन. माहेर आटपाडीच्या बाजूला, गाव एवढं लहान की नाव सांगून बी तुम्हाला कळायचं न्हाई. आमच्याकडं पाऊस कमी, शेती नावाला, म्हनून घरटी एक तरी मानूस सोनं गाळायला परमुलखात गेलेलं असतं. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातला केर, समदं भट्टीत घालायचं आन त्यातनं चोख सोनं काढायचं, त्याला गलाई म्हनतात. कोन कलकत्त्याला गेलं, कोन केरळात, आमचं मालक मद्रासला आलं. आता चेन्नई म्हनतात, पन आमच्या तोंडात मद्रासच बसलंय. माझी शाळा सातवीपर्यंत, मंग लगीन, लग्नानंतर दोन वर्सं सासूजवळ राहिले, तिला आमी आत्याबाई म्हनतो, आन मंग मालकांनी मला हितं आनलं, सौकारपेठेत, चौथ्या मजल्यावर एक खोली आन म्होरं पत्र्याचा सज्जा. भट्टी दोन गल्ल्या सोडून. मालक घरी आलं की अंगाला तेजाबाचा वास यायचा, बोटं पिवळी पडलेली, किती बी साबन लावा, तो रंग जात न्हाई.

काय सांगू ताई तुम्हाला, पयल्या वर्सी मी तोंड उघडलंच न्हाई. भाषा येत नव्हती. खाली तळमजल्यावर सेल्वी अक्का राहायची, इस्त्रीचं काम करायची, कोळशाची मोठी इस्त्री. भाजीवाला आला की ती खालनं हाक मारायची, मी सज्ज्यातनं दोरीला बांधलेली टोपली सोडायची, आन ती टोपलीत एकेक भाजी घालताना नाव सांगायची. कत्तरिक्का म्हंजे वांगं. वेंडक्का म्हंजे भेंडी. मी वरनं परत म्हनायचे, ती हसायची, चुकलं की परत म्हनायला लावायची. तशी मी तमिळ शिकले. मालकांना वाटायचं हिला काय बी येत न्हाई, कारन त्यांच्याम्होरं मी कधी बोललेच न्हाई.

सुनामी आली ना, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. मी पोटुशी व्हते, दिवस भरत आलेले. सकाळचं जेवन करून मालक भट्टीवर गेलेले. भांडी घासताना माझ्या कमरेत कळ आली, मंग परत आली, आन मला कळलं की आता हे तेच हाय. पुढचं मी तुम्हाला नंतर सांगते, कारन ते मी स्वतःला बी लई उशिरा सांगितलं. एवढंच सांगते की दवाखान्यात पोचेपर्यंत दोन तास गेले आन पोरगा जन्मला तो रडलाच न्हाई. नाळ गळ्याला आवळलेली. लवकर पोचले असते तर जगला असता का, ते डाक्टरीनबाईनं बी सांगितलं न्हाई. सांगता येत न्हाई म्हनली. गोरा व्हता, केस लई दाट.

मालकांनी गावाकडं फोन केला, निरोप मिळायला उशीर झाला म्हनून सांगितलं. आत्याबाईंनी त्याचा अर्थ लावला की मी निरोपच उशिरा धाडला. बाळंतपनाच्या कळा येत्यात आन ही बसून राहिली, चार जिने उतरायला हिला दोन तास लागले, ढिलीच हाय ती. ढिली. हे नाव पडलं माझं. गावी गेलं की पाटावर बसायच्या आधी आत्याबाई म्हनायच्या, तिला नका सांगू काम, ढिली हाय. चुलत जाऊ म्हनायची, नणंदा म्हनायच्या. लग्नात, बारशात, कुठं बी चार बाया जमल्या की ही गोष्ट निघायची, आन मी तितं भाकरी थापत बसलेली असायचे. मालक ऐकायचे. उठून बाहेर जायचे. हितं परत आलो की आमच्यात बोलनं म्हंजे मीठ हाय का, पानी आलं का, एवढंच. मारलं न्हाई कधी, शिवी दिली न्हाई, खोटं कशाला बोलू. पन तीन-तीन दिवस आवाज नसायचा घरात. मला वाटायचं, माझ्यावर राग धरलाय, आन धरनारच, मी त्यांचं पोर घालवलं.

आन खरं सांगू, ऐकून ऐकून मला बी वाटायला लागलं की मी ढिलीच हाय. दूध उतू गेलं की म्हनायचे, ढिली. बस चुकली की ढिली. मंग पाठ दुखायला लागली, हात भरून यायचे, झोप न्हाई. सेल्वी अक्कानं मला एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. तपासलं, रगत बघितलं, काय निघालं न्हाई. तितली डाक्टरीन म्हनली, मंगळवारी दुपारी वरच्या खोलीत बाया बसतात, जाऊन बघ. मी म्हनलं, भजन असंल.

भजन नव्हतं. पाच-सहा बाया, चटई, आन मधी वसंतीअम्मा. पन्नाशीची बाई, कापसाची साडी, चष्मा दोरीला. तिचे वडील रेल्वेत व्हते, लहानपन नागपूरला गेलेलं, म्हनून तिला मराठी कळायचं आन मोडकं बोलता बी यायचं. सुनामीनंतर ती किनाऱ्यावरच्या वस्त्यांत जाऊन बायांशी बोलायची, मंग हितं यायला लागली. मला वाटलं औषध दील, न्हाईतर सांगंल की नवऱ्याशी गोड बोल. तिनं तसलं काय बी सांगितलं न्हाई. ती नुसती इचारायची. कोन आलीस, इचारलं. मी म्हनलं, मी शालन, मी ढिली हाय. ती म्हनली, शालन नाव आईवडलांनी ठेवलं असंल, हे दुसरं कोनी ठेवलं. मी सांगितलं. ती म्हनली, ते नाव घरात आलं की तुला काय काय करायला लावतं. मला आधी कळंना. मंग म्हनलं, गप बसवतं. दारातनं मागं फिरवतं. मालकांना काय इचारायचं असलं तर घशातच ठेवतं. ती समदं वहीत लिवून घ्यायची, माझ्याच शब्दांत, आन परत वाचून दाखवायची, बरोबर हाय का म्हनून. माझं बोलनं कोनी लिवून घेतंय, हे मला लई नवल वाटलं.

चार-पाच मंगळवार झाले आसतील. मंग एकदा ती म्हनली, ते दोन तास मला सांग. मी म्हनलं, त्यात काय सांगायचं, मी बसून व्हते. ती म्हनली, कळ आल्यावर पयल्यांदा हातानं काय केलंस. मी इचार केला. म्हनलं, गॅस बंद केला. मंग. मंग सज्ज्यात गेले आन सेल्वी अक्काला हाक मारली. कुठल्या भाषेत. तमिळमधी. काय म्हनलीस. म्हनलं, अक्का, माझ्या मालकांना बोलवून आन, पोट दुखतंय. ती गेली का. लगेच गेली, इस्त्री तशीच ठेवून गेली. आली तवा काय म्हनली. म्हनली, येतो म्हनलाय, मी सांगून आलेय. मंग तू काय केलंस. मी पिशवी भरली, जुनी लुगडी, टावेल, दवाखान्याचा कागद. वाट बघितली. कळा वाढल्या. अर्धा तास झाला, तास झाला, कोनी येईना. मंग मी कुलूप लावलं आन जिना उतरायला लागले, एका हातानं कठडा, एका हातानं पोट, कळ आली की पायरीवर बसायचे, गेली की उठायचे. दुसऱ्या मजल्यावर पानी फुटलं. खाली सेल्वी अक्का हडबडली, तिला रडायला यायला लागलं, मंग मीच तिला म्हनलं, अक्का रडू नको, रिक्षा बघ. रिक्षात बसले आन रिक्षावाल्याला म्हनलं, मेदुवा पोंगा, म्हंजे हळू चला. दवाखान्यात कागदावर सही बी मीच केली, सातवीतली सही.

सांगून झालं. वसंतीअम्मानं तमिळमधी त्यांना समदं सांगितलं. कामाक्षी म्हनून एक बाई व्हती, देवळाबाहेर फुलं विकायची, ती म्हनली, हिच्या जागी मी असते तर जिन्यातच आडवी झाले असते. दुसरी म्हनली, ही कुठं बसून व्हती, ही तर सारखी काय ना काय करतेय. ताई, मी तवा पयल्यांदा त्या पोरासाठी रडले. त्याच्या आधी जे रडले ते लाजंनं.

पुढच्या मंगळवारी वसंतीअम्मानं मला एक पत्र दिलं. हिंदीच्या अक्षरांत, पन मराठी, चुका काढल्या तर लई निघतील. त्यात तेच समदं, गॅस, हाक, पिशवी, पायऱ्या. ती म्हनली, हे कोनी ऐकावं असं वाटतं. मी म्हनलं, मालकांनी. म्हनलं खरं, पन आठ दिवस तोंड उघडंना. मंग एका रविवारी जेवताना म्हनलं, मंगळवारी दुपारी माझ्यासंगट येताल का, दवाखान्यात. तवा मला वाटलं, कामाचं निमित्त करतील. त्येनी ताटातच बघत इचारलं, कशापायी. मी म्हनलं, मला एक वाचून दाखवायचंय. घास खाल्ला, पानी प्यालं आन म्हनलं, येतो.

आलं. इस्त्रीचा सदरा घालून आलं. दाराजवळ बसलं, बायांत कसं बसायचं म्हनून. मी वाचलं. मधी थांबले न्हाई. वसंतीअम्मानं त्यांना इचारलं, ऐकताना कुठली गोष्ट मनाला लागली. मालक पिवळ्या बोटानं चटईची काडी उपसत बसलं. मंग म्हनलं, निरोप येळंवर आला व्हता.

खोलीत कोनाला कळलं नसंल, मला कळलं.

म्हनलं, ती इस्त्रीवाली आली, दारातनं सांगितलं, मी येतो म्हनलं. मूस भट्टीत व्हती, दुसऱ्याचं सोनं, अर्ध्यावर टाकून निघालो असतो तर खराब झालं असतं. मला वाटलं अर्ध्या तासात व्हईल. व्हईना. दवाखान्यात पोचलो तवा समदं झालेलं. आईला फोनवर निरोप उशिरा मिळाला म्हनलो, आईनं तुझ्यावर ढकललं, मी न्हाई म्हनलो न्हाई. मंग रोज वाटायचं आता सांगू, उद्या सांगू. तुझ्याकडं बघितलं की तेच आठवायचं, म्हनून बघायचं सोडलं.

तुम्हाला वाटंल, मी तितंच माफ केलं. न्हाई. त्या खोलीत मला एकदम हलकं वाटलं, पाठीवरचं कोनीतरी उतरवून घेतल्यागत. पन घरी येताना बसमधी राग आला, असा राग आला की मी त्यांच्या शेजारची सीट सोडून पुढं जाऊन हुबी राहिले. ताई, तीन वर्सं. तीन वर्सं मी ते नाव वागवलं आन ह्यांना म्हाईत व्हतं. पंधरा दिवस मीच बोलले न्हाई. सोळाव्या दिवशी म्हनलं, मला काय नको, साडी नको, देवदर्शन नको. जे खोलीत सांगितलं ते आत्याबाईंम्होरं सांगा. मी समोर असताना. न्हाईतर मी माहेरला जाते आन परत येत न्हाई. धमकी नव्हती ती. मी पिशवी भरून ठेवली व्हती.

दिवाळीला गावी गेलो. भाऊबीजेच्या दिवशी नणंदा आलेल्या, सोप्यात समद्या बसलेल्या, आत्याबाई पान लावत व्हत्या. थोरली नणंद म्हनली, शालन, च्या ठेव, का मीच ठेवू, तुला येळ लागंल. हसल्या समद्या. मालक दारात हुबं व्हतं. म्हनलं, ती ढिली न्हाई. निरोप येळंवर आला व्हता, मीच उठलो न्हाई. एवढंच म्हनलं. आवाज बारीक, पन समद्यांनी ऐकलं. आत्याबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला. मंग म्हनल्या, आन आजवर गप बसलास व्हय. मला काय बोलल्या न्हाईत. आजवर न्हाई बोलल्या, चुकलं म्हनून, आन म्हातारपनी म्हनतील असं मला वाटत बी न्हाई. पन त्या दिवशी त्येनीच च्या ठेवला, आन त्यानंतर ती गोष्ट कुठल्या लग्नात निघाली न्हाई.

मालक बदललं का म्हनाल, तर मुळात मानूस घुमा, त्यो काय बोलका झाला न्हाई. पन आता इचारलं की उत्तर देतात. रविवारी कधी कधी समुद्रावर जातो, वाळूत बसतो, ते हिकडं बघतात मी तिकडं, पन मधी भिंत असल्यागत वाटत न्हाई. माझ्या मनात अजून त्या तीन वर्सांचा खडा हाय. वसंतीअम्माला सांगितलं, तर म्हनली, असू दे, तो खडा बी तुझाच हाय. मी मंगळवारी अजून जाते, आता नव्या बाया येतात, कोनी मराठी, कोनी हिंदीवाली, त्यांचं तमिळमधी सांगायला मी बसते. एखादी म्हनते, मी अशीच हाय, मी तशीच हाय. मी काय बोलत न्हाई, नुसतं इचारते, हे तुला कोनी सांगितलं.

सुनामीनंतर तीन वर्सांनी मला मुलगी झाली, मीनाक्षी. त्या बारीला मालक दोन दिवस आधीपासनं भट्टीवर गेलंच न्हाईत, दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलं. औंदा तिला बालवाडीत घालायला गेलो. टेबलामागच्या बाईनं फारम भरताना तमिळमधी इचारलं, हे कितवं मूल. बापाच्या मांडीवर बसून पोर पेन ओढत व्हती. मी काय म्हनावं म्हनून थांबले, तर मालकच म्हनलं, रेंडावदु. दुसरं. बाईनं लिवलं आन पुढचं इचारलं.

एवढंच हाय बगा माझं. तुम्ही एवढा येळ बसून ऐकलंत, तुमच्या घरात बी तुमचं ऐकनारं मानूस असू दे.