रोबोच्या डोळ्यांवरचा हार

निलेशचं नाव काढू नका, चहा कडू लागतो मला. पावणे गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी वीस वर्षं लेथवर आहे. तो माझ्या हाताखाली शिकला आणि आता साहेब त्यालाच विचारतात. का, तर त्याने सहा पायांचा रोबो जुळवला. चंद्रावरच्या गुहांमध्ये उतरवायच्या रोबोचा नमुना. आत सिग्नल पोचत नाही, म्हणून रोबोने आपलं आपण चालायचं. पाय घडवले मी, नाव झालं त्याचं.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. माझ्या लेथला झेंडूची दोन फुलं आणि रोबोला हा जाडजूड हार. थोड्या वेळात चंद्रमोहिमेचे पाहुणे रोबो बघायला येणार होते. "हार जरा नीट करतो," म्हणत मी तो सरळ रोबोच्या कॅमेऱ्यावर ओढला. म्हटलं, आता आपट भिंतीवर.

पाहुणे आले. गोदामात गुहेसारखा अंधार केला, रोबोचा दिवा लावला आणि त्याला सोडला. तो थबकला. मग एकेक पाऊल चाचपून टाकत पाइपांच्या ढिगावर चढला आणि पलीकडे नीट उतरला. नुसत्या पायांच्या अंदाजावर, माझ्या पायांच्या.

मोठे पाहुणे खूश. "धुळीने कॅमेरा झाकला तर काय, हेच आम्ही विचारणार होतो. डोळे झाकायची कल्पना कोणाची?"

निलेश लाजत म्हणाला, "माझीच, सर."

मीही टाळ्या वाजवल्या. माणसाने एकदा खोडी काढावी, तर तीही त्याच्याच नावावर.