इंग्रजीतलं हुतूतू

तुम्ही माझ्या इंग्रजीला हसता खरे, पण त्याच इंग्रजीनं एकदा सामना वाचवला होता.

आमच्या गिरगावच्या शाळेत, आवारात मुलाच्या तोंडून मराठी शब्द निघाला की छडी बसायची. हेडमास्तरांना स्वतःला आणि बाहेरच्या मुलांना तेवढी मुभा होती. एकदा त्याच आवारात फणसवाडीच्या मुलांशी हुतूतूचा सामना रंगला. आमच्यातला मी एकटाच उरलो होतो, त्यांचे दोघे. मी 'हुतूतू' म्हणत निघालो, तोच पंच असलेल्या हेडमास्तरांनी हात वर केला.

"हुतूतू हा शब्द इंग्रजी आहे का रे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग इंग्रजीत दम घाल."

मला वर्गातून बाहेर जाण्यापुरतं एकच इंग्रजी वाक्य पाठ होतं. छाती भरून घेतली आणि तेच म्हणत सुटलो, "मे आय गो आउट सर, मे आय गो आउट सर..." ते दोघे पोट धरून खालीच बसले. दोघांनाही शिवून मी परत आलो.

त्यांचा कप्तान तणतणत आला. "सर, हा स्वतःच सारखा आउट आउट म्हणत होता. बाद द्या त्याला."

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "त्यानं परवानगी मागितली होती. मी दिलेली नाही."