वहिनींचे ढालकिडे

नाही नाही साहेब, तिकडे नको, तिकडे चिखल आहे, बूट खराब होतील — ही घराजवळची ओळ बघा, तपासायला इथलेच घड घ्या. गेल्या वेळच्या साहेबांनीही इथलेच घेतले होते. आणि ही ती खोली. या, आत या. भोपळे भाजीचे नाहीत हो, हा आमच्या वहिनींचा कारखाना. भोपळ्यावर पांढरं कापसासारखं दिसतंय ना — तो पिठ्या ढेकूण, द्राक्षाचा वैरी. वहिनी त्याला मुद्दाम पोसतात. का? तर त्याला खाणारा ढालकिडा वाढावा, तो बागेत सोडता यावा, म्हणून. लोक हसायचे, बाई चोराला जेवू घालते म्हणायचे. पण तीन हंगाम फवाऱ्याला हात लावला नाही आम्ही — तुमचं निसर्गस्नेही बागेचं प्रमाणपत्र काय फुकट मिळालं?

आता गंमत ऐका. त्या प्रमाणपत्रावर, माल जातो त्या खोक्यावर, केवढा ढालकिडा छापलाय तुम्ही — लाल, ठिपक्यांचा, गुबगुबीत. आमचे काळे, तांबड्या डोक्याचे, त्यांना कोण छापतंय. आणि गेल्या साली परदेशातल्या गोदामात आमच्या खोक्यात एक जिवंत ढालकिडा निघाला — एक, साहेब — तर अख्खा कंटेनर नाकारला. किडका माल, म्हणे. खोक्यावर चालतो, खोक्यात चालत नाही. औषध नको, किडाही नको, डागही नको — मग द्राक्षं काय प्लॅस्टिकची लावू? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, त्यातली गत. वर यंदा बजावलंय, पुन्हा किडा दिसला तर तुमच्या बागेचा माल कायमचा बंद. वहिनी म्हणाल्या, भावोजी, काढणीआधी एकेक घड ब्रशने झाडून घेऊ, जाईल किडा. झाडतील हो त्या, त्यांचा जीवच आहे या किड्यांवर. पण एखादा राहिलाच तर? अजून रोज सकाळी डबी भरून सोडतात, आणि संध्याकाळी वेलीखाली मेलेले वेचतात. यंदा हवाच वाईट आहे, म्हणतात. मीही म्हणतो, हो, हवाच. आता त्यांना कोणत्या तोंडाने — म्हणजे हवाच, साहेब. दुसरं काय असणार?

गेलातच का तिकडे? अहो — अहो, तो घड नका तोडू. खाऊ नका, थुंका — आधी थुंका. हे घ्या पाणी, चूळ भरा. नाही हो, तसलं काही नाही, आंबट आहेत ती, अजून भरली नाहीत. हातही धुवा, साबण तिथे आहे. आंबटाला साबण कशाला, असं बघू नका माझ्याकडे, धुवा म्हणतो ना — परवाच तर मारलंय, अजून वास —

वहिनी. तुम्ही कधी आलात?

साहेब, निघा तुम्ही आता. लिहायचं ते लिहा, जा. — वहिनी, ती डबी खाली ठेवा. आज सोडू नका त्यांना.